अग्रलेखाच्या पाठची पाने

लोकमान्य टिळकांचे ‘केसरी’तील लेख त्यांच्या निधनानंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, आगरकरांचे निवडक निबंध तर त्याही आधी. शिवरामपंत परांजप्यांचे ‘काळा’तील निबंधही आपण पुस्तकातूनच वाचतो. मराठी निबंधाचा इतिहास शिकवताना हाती असतात ती ही पुस्तके. त्यांचे मोल वादातीत आहे. परंतु त्यांच्यामुळे एक गोष्ट आपल्या दृष्टीआड झाली. हे लेख ज्या कागदावर प्रथम छापले गेले, त्याच कागदावर, कधी लगतच्या रकान्यात तर कधी पाठच्या पानावर, केसांची तेले, ज्वरावरची औषधे, विमा कंपन्या आणि बँकांचे भाग यांच्या जाहिराती होत्या. वाचकाने दोन्ही एकाच बैठकीत वाचले. ग्रंथ तयार करताना संपादकांनी त्यांतील एक उचलले आणि दुसरे टाकले. आपण जो ‘राष्ट्रीय गद्याचा वाचक’ कल्पितो, तो या निवडीतून घडलेला आहे. प्रत्यक्षातला वाचक त्याहून निराळा होता. त्याला खोकला होता, त्याच्या घरी तान्हे मूल होते आणि गाठीशी थोडे पैसे होते.

जुन्या जाहिराती आज पाहिल्या जात नाहीत असे नाही. पण त्या पाहिल्या जातात त्या बहुधा गंमत म्हणून. एकच गोळी ज्वर, अशक्तता, विस्मरण आणि निरुत्साह या सर्वांवर चालते, हे वाचून आपण हसतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हे हसू आपल्याला फार स्वस्तात मिळते. त्या जाहिराती ज्यांनी वाचल्या त्यांना खऱ्या-खोट्याची पारख करण्याची कोणती साधने उपलब्ध होती, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर वस्तू, औषध आणि गुंतवणूक या तीन प्रकारच्या जाहिराती म्हणजे विश्वासाच्या चढत्या पायऱ्या आहेत, असे दिसते.

टपाल आणि विश्वास

या सर्व व्यवहाराचा पाया टपालखात्याने घातला. व्हॅल्यू पेएबल, म्हणजे ज्याला आपण व्ही. पी. म्हणतो, ती सोय हिंदुस्थानात १८७७ मध्ये सुरू झाली. १८७९ मध्ये पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड आले. १८८० मध्ये मनिऑर्डर टपालखात्याकडे आली आणि १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक निघाली. पाच वर्षांच्या आत झालेल्या या चार गोष्टींचा एकत्र परिणाम असा झाला की, कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या गावी राहणाऱ्या शाळामास्तराला मुंबईच्या गिरगावातील दुकानदाराशी, त्याचे तोंडही न पाहता, व्यवहार करता येऊ लागला. तोवर दुकानदाराची पत ही ओळखीची, जातीची, पेठेची गोष्ट होती. आता ती छापील अक्षरांची गोष्ट झाली.

व्ही. पी.च्या पद्धतीत एक मेख होती. पैसे चुकते केल्याशिवाय पार्सल हाती येत नसे. आत काय आहे ते उघडून पाहायचे तर आधी टपालवाल्याच्या हाती रुपये ठेवावे लागत. म्हणजे साबणासारख्या साध्या वस्तूसाठीही आधी विश्वास आणि मग वस्तू असाच क्रम होता. जाहिरातीच्या भाषेतील पुष्कळशी सूत्रे या मेखेतून जन्मली आहेत. ‘नकलेपासून सावध राहा’, ‘आमची सही पाहून घ्या’, ‘गुण न आल्यास पैसे परत’, ‘एकवार अनुभव घ्या’ ही वाक्ये म्हणजे पेठेतील ओळखीची जागा भरून काढण्याचा प्रयत्न होय. प्रशंसापत्राचा प्रकारही त्यातलाच. अमक्या गावचे वकील, तमक्या गावचे पेन्शनर मामलेदार यांना गुण आला, असे छापले की अनोळखी दुकानदाराला ओळखीचा जामीन मिळे. त्यांतली किती पत्रे अस्सल आणि किती दुकानातच लिहिलेली, हा वेगळा प्रश्न. पण सामान्य माणसाने आपल्या शरीराविषयी लिहिलेले किंवा त्याच्या नावावर खपवलेले गद्य मराठीत प्रथम मोठ्या प्रमाणावर छापले गेले ते येथे, हे साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

या भाषेचा आणखी एक विशेष नोंदवला पाहिजे. जाहिरातीला पैसे पडत ते जागेच्या मापाने. त्यामुळे ज्या काळात निबंधकाराचे वाक्य परिच्छेदभर चाले, त्याच काळात शेजारच्या रकान्यात चार शब्दांची आज्ञार्थी वाक्ये लिहिली जात होती. ‘मागवा’, ‘वापरा’, ‘खात्री करून घ्या’. नावे मात्र संस्कृत समासांची. बालामृत, अमृतांजन. बाटली, बूच, लेबल आणि व्ही. पी. सर्व नवे, नाव तेवढे पुराणातले. नव्या वस्तूला जुन्या शब्दाचे अभय देण्याची ही रीत मराठी गद्यात इतरत्रही सापडेल. पण ती इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

वस्तू: स्वदेशीचे तेज

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि बहिष्काराची चळवळ सुरू झाली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. या घटनेचे वाङ्मयीन पडसाद आपण शिकवतो. जाहिरातीच्या रकान्यांतील पडसाद त्याहून टिकाऊ ठरले. ‘स्वदेशी’ हे विशेषण साबण, काडेपेटी, पेन्सिल, कापड, साखर, बटण यांना लागले आणि वस्तूच्या गुणाची जागा तिच्या जन्मस्थानाने घेतली. अंताजी दामोदर काळे यांनी पुरस्कारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. माणशी एक पैसा या कल्पनेतून उभा राहिलेला तो कारखाना विकत होता काच, परंतु लोकांच्या मनात तो विकत होता स्वावलंबन. पुढे ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काढलेल्या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदीलही याच परंपरेतला. आर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती-तेलाचा साबण काढला, तेव्हा त्याच्या जाहिरातीत स्वदेशी आणि अहिंसा ही दोन्ही तत्त्वे एका वडीत मावली. पुढे रवींद्रनाथ ठाकुरांनीही त्या साबणाची शिफारस केली.

हे सर्व ढोंग होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ च्या सुमारास तयार झाला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे तो प्रथम खपेना. या समजुतीशी झगडायचे तर नांगर दाखवणे पुरेसे नव्हते. शेतकऱ्याशी बोलणे भाग होते. कारखान्याचा माल आणि त्यामागची दृष्टी गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्याच्या हेतूने १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. शं. वा. किर्लोस्करांच्या हाती त्याचे रूप पालटत गेले. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले, आणि त्याच संस्थेतून १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. स्त्रियांचे प्रश्न, विज्ञाननिष्ठा, सावरकरांचे जातिभेदावरील आणि विज्ञानविषयक निबंध हे सर्व ज्या पृष्ठांवर आले, त्यांचे मूळ एका कारखान्याच्या खबरपत्रात आहे. ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये काढला, दिवाळी अंक ही आपली लाडकी संस्था पुढे कोणत्या उत्पन्नावर तगली, हे कोणत्याही अंकाची पाने उलटल्यास कळेल.

बंगालात तर हे नाते अधिक उघड होते. हेमेंद्रमोहन बसू यांनी आपल्या ‘कुंतलीन’ केशतेलाच्या नावाने १८९६ पासून कथास्पर्धा चालवली. कथेत तेलाचा उल्लेख यावा, पण कथा जाहिरात वाटू नये, अशी अट. पहिल्या वर्षीचे बक्षीस जगदीशचंद्र बसू यांच्या कथेला मिळाले आणि ती बंगालीतील आरंभीच्या विज्ञानकथांत गणली जाते. १९०३ मध्ये शरच्चंद्रांची कथा याच स्पर्धेत, मामाच्या नावाने, बक्षीसपात्र ठरली. तात्पर्य, साहित्य येथे आणि बाजार तेथे अशी भिंत त्या काळी नव्हतीच.

औषध: भीतीचे पान

वस्तू वाईट निघाली तर निदान ती डोळ्यांना दिसे. औषधाचे तसे नाही. आजार आपोआप बरा झाला तरी श्रेय बाटलीला जाते, आणि वाढला तर दोष पथ्याला. शिवाय काळ असा की, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे वर्षानुवर्षे परत येत राहिला, हिवताप कायमचा, १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. डॉक्टर थोडे, त्यांची फी मोठी, आणि सरकारी दवाखान्याविषयी प्लेगच्या काळातील जबरदस्तीमुळे मनात धास्ती. या पोकळीत टपालाने येणारी औषधे शिरली. मुंबईचे डोंगरे बालामृत, काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत काढलेले अमृतांजन, १९१० मध्ये स्थापन झालेला झंडूचा औषधी कारखाना, कलकत्त्याचे डाबर, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, आणि विलायतेहून येणाऱ्या बीचमच्या गोळ्या व डॉ. विल्यम्सच्या गुलाबी गोळ्या. यांतील काही नावे अद्याप दुकानात आहेत, काही कधीच विस्मृतीत गेली.

नागेश्वररावांचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्यांनी मुंबईतच ‘आंध्रपत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढले आणि १९१४ मध्ये ते मद्रासेला नेऊन त्याचे दैनिक केले. मलमाच्या पैशातून राष्ट्रीय वृत्तपत्र उभे राहिले. इतर पत्रांना औषधवाल्यांच्या जाहिराती पोसत होत्या. येथे औषधवाल्याने स्वतःच पत्र काढले.

या जाहिरातींचा एक मोठा वर्ग गुप्त रोगांचा, ‘धातुपौष्टिका’चा आणि स्त्रियांच्या विकारांचा होता. त्यांना आपण सर्वांत जास्त हसतो. परंतु ज्या गोष्टी घरात उच्चारता येत नव्हत्या, वैद्यासमोर बोलताना जीभ अडखळत होती, त्या येथे छापील आणि निनावी स्वरूपात बोलल्या जात होत्या. बंद पाकिटातून उत्तर येत होते. त्या जाहिरातींनी लाजेचा व्यापार केला हे खरे. पण लाज ही काही त्यांनी निर्माण केली नव्हती. ज्या सुशिक्षित समाजाने शरीराविषयीचे बोलणे आपल्या प्रतिष्ठित गद्यातून हद्दपार केले, त्याच समाजाच्या पत्राच्या मागच्या पानावर ते बोलणे पैसे मोजून परतले.

गुटगुटीत बाळाचे चित्र असलेल्या बालामृताच्या जाहिरातीकडेही असेच पाहिले पाहिजे. मुंबईत १९२१ साली दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ६०० हून अधिक अर्भके दगावली. गिरणीत कामाला जाणाऱ्या स्त्रिया मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देत. १९२०च्या दशकाच्या आरंभी झालेल्या पाहणीत हे प्रमाण इतके सार्वत्रिक आढळले की सरकारी वर्तुळातही खळबळ उडाली. बाळगोळी देणारी आई आणि बालामृत मागवणारी आई या निरनिराळ्या वर्गांतल्या. भीती मात्र एकच. ते गुटगुटीत बाळ हे हसण्यासारखे चित्र नाही.

बाटलीत काय असे? इंग्लंडात ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये गुप्त औषधांचे रासायनिक पृथक्करण पुस्तकरूपाने छापले. बीचमच्या गोळ्यांत काळा बोळ, सुंठ आणि साबण निघाले. एका शिलिंगाहून अधिक किमतीच्या डबीतील द्रव्यांची किंमत अर्ध्या फार्दिंगच्या आसपास. अमेरिकेत १९०६ मध्येच कायदा झाला होता. हिंदुस्थानात औषधांच्या चौकशीसाठी चोप्रा समिती नेमली गेली ती १९३० मध्ये, औषध कायदा झाला १९४० मध्ये, आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ मध्ये. म्हणजे ज्या वाचकाविषयी आपण बोलत आहो, त्याला कायद्याचे, प्रयोगशाळेचे किंवा ग्राहकसंघाचे कसलेच पाठबळ नव्हते. त्याच्यापाशी होते केवळ ते पत्र, आणि त्या पत्रावरची त्याची श्रद्धा.

गुंतवणूक: उद्याची किंमत

गुंतवणुकीची जाहिरात ही सर्वांत वरची पायरी. येथे वस्तूही नाही आणि बाटलीही नाही; आहे ते फक्त भविष्याविषयीचे वचन, आणि ते खोटे ठरले तर कळणार कित्येक वर्षांनी. स्वदेशीच्या लाटेने या वचनाला अपूर्व बळ दिले. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग विक्रीस निघाले, तेव्हा सुमारे ८,००० हिंदी भागीदारांनी तीन आठवड्यांत सर्व भांडवल उचलले. लंडनच्या बाजाराने नाकारलेले भांडवल मुंबईने दिले, हा अभिमान रास्त होता. १९०६ ते १९१३ या काळात हिंदी मालकीच्या बँका आणि विमा कंपन्या भराभर निघाल्या. बँक ऑफ इंडिया, बँक ऑफ बडोदा, सेंट्रल बँक ही त्यांतली टिकलेली नावे. साताऱ्याला १९१३ मध्ये निघालेली वेस्टर्न इंडिया विमा कंपनीही तशीच.

न टिकलेल्यांची यादी बरीच लांब आहे. १९१३ च्या सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक बुडाली आणि त्या वर्षाअखेर मुंबईची इंडियन स्पेसी बँक. १९०६ मध्ये निघालेली ही बँक चांदीच्या सट्ट्यात गुंतली होती. पुढच्या चार वर्षांत देशभरात ८० हून अधिक बँका बंद पडल्या. त्यांच्या जाहिरातींतील एक युक्ती सांगण्यासारखी आहे. मोठ्या अक्षरांत छापत ते ‘अधिकृत भांडवल’, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त जेवढे गोळा करण्याची मुभा आहे ती रक्कम. प्रत्यक्षात जमा झालेला पैसा त्याचा लहानसा अंश असे आणि तो लहान अक्षरांत छापला जाई, किंवा छापलाच जात नसे. १९१३ च्या कंपनी कायद्यात यासाठी एक कलम आले. अधिकृत भांडवल जाहीर केले तर विकले गेलेले आणि वसूल झालेले भांडवलही तितक्याच ठळक जागी, तितक्याच ठळक अक्षरांत छापले पाहिजे. टाइपाच्या आकाराविषयी कायदेमंडळाला नियम करावा लागावा, यातच त्या अक्षरांनी काय केले होते ते येते.

विम्याच्या क्षेत्रात ‘प्रॉव्हिडंट’ सोसायट्यांचे पीक आले. लग्नाचा विमा, जन्माचा विमा अशी त्यांची आमिषे. अनेकींची पद्धत अशी की, वर्षभरात जमलेली वर्गणी त्या वर्षीच्या हक्कदारांत वाटायची. आरंभी वर्गणीदार अनेक आणि हक्कदार थोडे, त्यामुळे मिळणारी रक्कम डोळे दिपवणारी. तीच पुढच्या जाहिरातीत छापायची. हक्कदार वाढू लागले की वाटा आटे आणि शेवटी आलेल्यांच्या हाती काही उरत नसे. १९१२ मध्ये विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या यांच्यासाठी दोन कायदे करावे लागले ते या अनुभवाने.

सर्व बुडालेल्या कंपन्या लबाड होत्या असेही नाही. चिदंबरम् पिळ्ळे यांची तुतिकोरिनची स्वदेशी आगबोट कंपनी देशभक्तीनेच निघाली आणि इंग्रज कंपनीच्या स्पर्धेपुढे व सरकारी रोषापुढे १९११ पर्यंत संपली. मुद्दा हा की, कागदावर या तिन्ही जातींच्या संस्था सारख्याच दिसत. टिकणारी, प्रामाणिकपणे बुडणारी आणि बुडवणारी यांची भाषा एक, टाइप एक, आणि ‘देशबांधवांनो’ हे संबोधनही एकच.

जबाबदारी कोणाची?

येथे कोणी म्हणेल की, यात संपादकाचा काय दोष? जाहिरात म्हणजे भाड्याने दिलेली जागा. शिवाय वृत्तपत्रांची अवस्था बिकट होती. १९११ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात साक्षर शेकडा सहाच्या आसपास. वर्गणीदार थोडे आणि त्यांतही वर्गणी थकवणारे पुष्कळ. १९१० च्या प्रेस ॲक्टने जामिनाची टांगती तलवार आणली आणि ‘काळ’ त्याच वर्षी बंद पडला. निर्भीड अग्रलेखाचा खर्च काही अंशी तेला-गोळ्यांनी भागवला, असे म्हटल्यास चूक होणार नाही. हा युक्तिवाद वजनदार आहे.

परंतु एका प्रसंगाने तो डळमळतो. १९२० च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, ‘केसरी’ने छापली नाही, असे डॉ. आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. ही गोष्ट सामान्यतः जातीच्या इतिहासात सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. जाहिरातीच्या इतिहासात तिचा अर्थ आणखी एक निघतो. जागा भाड्याची होती, पण घरमालक भाडेकरू निवडून घेत होता. मागच्या पानावर काय यावे याचा निर्णय कोणीतरी करत होते. एकदा हे मान्य केले की ‘आम्ही केवळ छापतो’ ही सबब त्या काळच्या कोणत्याही पत्राला उरत नाही.

दुसऱ्या टोकाला गांधीजी होते. त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ‘इंडियन ओपिनियन’मध्ये जाहिराती घेणे बंद केले, आणि हिंदुस्थानात ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ही जाहिरातींविना चालवले. प्रत्येकाला ते परवडले असते असे नाही. गांधीजींच्या पत्रांना जो वाचक लाभला तो इतरांना लाभणे शक्य नव्हते. पण पर्याय कल्पनेतही नव्हता, असे म्हणता येणार नाही.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न न्यायालयासमोर आला तो याच औषधांच्या निमित्ताने. १९५४ च्या कायद्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिले, आणि १९५९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील काही तरतुदी अमान्य करतानाच, व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे पूर्ण संरक्षण नाही, असे मत दिले. १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात ही भूमिका बरीच पालटली. जाहिरात हे ‘बोलणे’ आहे की ‘विकणे’, हा वाद कायद्यात पुढेही चालत राहील. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र तो सोडवून बसण्याचे कारण नाही. जे छापले गेले, वाचले गेले आणि ज्याच्यावर माणसांनी आपली मुले व आपली पुंजी सोपवली, ते गद्य होते, एवढे त्याला पुरे.

म्हणून एक साधी सूचना. जुन्या नियतकालिकांचे स्कॅनिंग गेल्या काही वर्षांत अनेक ग्रंथालयांनी हाती घेतले आहे. बांधणीच्या वेळी वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची जुनी सवय होती; निदान आता जी उरली आहेत ती गाळली जाऊ नयेत. आणि निबंध शिकवताना, शक्य असेल तेथे, विद्यार्थ्याच्या हाती पुस्तकातील लेखाबरोबर त्या अंकाचे संपूर्ण पानही द्यावे. स्वदेशीवरचा अग्रलेख आणि त्याच अंकातील स्वदेशी बँकेची जाहिरात त्याने सलग वाचावी, आणि मग १९१३ चे साल त्याला सांगावे. अग्रलेखाची थोरवी त्याने कमी होणार नाही. तो कोणी, कोणत्या अडचणीत आणि किती विश्वासाने वाचला, हे मात्र अधिक कळेल.